लखलखीत नाणी

उस्मानभायशी माझं कधी पटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की लोकांच्या लेखणीतून मध गळायला लागतो. उस्मानभाय गोड माणूस नव्हते. खवचट होते, हेकट होते, आणि आपल्याखेरीज जगात कुणाला अक्कल नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. पण त्यांच्या बाबतीत जे झालं ती त्यांच्या खवचटपणाची शिक्षा होती, असं कुणी म्हणालं तर त्याच्या कानाखाली वाजवायची माझी अजून तयारी आहे. या वयातही.

एकोणीसशे साठच्या दोनेक वर्षं आधी मी कतारला गेलो. दुखानला, तेलकंपनीच्या कॅम्पात, हिंदी लोकांच्या मेसचं स्टोअर सांभाळायला. मी वेंगुर्ल्याचा परब. मेसमध्ये निम्म्याहून अधिक माणसं रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांकडची मुसलमान: फिटर, ड्रायव्हर, कारकून. जेवणाच्या बाकावर आमची आमची कोकणातली बोली चालायची आणि उठून कामावर गेलं की साहेबापुढे हिंदी-इंग्रजीची खिचडी. उस्मान दाऊद सोलकर त्यांतलेच एक, जैतापूरचे. वयाने आम्हां सगळ्यांपेक्षा मोठे, म्हणून सगळ्यांचे उस्मानभाय.

त्यांचं काम ऐकायचं. खरंच सांगतो, दिवसभर ऐकायचं, एवढंच काम. वाळू ही वस्तू जागेवर राहत नाही. आज तेलाचा पाइप उघडा दिसतो, दोन वादळं झाली की त्याच्यावर टेकडी. मग तो पाइप, त्याचा व्हॉल्व्ह, एखादी केबल शोधून काढायची कशी? तर कंपनीकडे लढाईच्या वेळचं एक यंत्र होतं. जमिनीतले सुरुंग हुडकायला लष्कराने बनवलेलं. लांब दांड्याच्या टोकाला एक गोल थाळी, पाठीवर बॅटरीची पेटी, कानांवर हेडफोन. थाळी जमिनीवरून फिरवायची, खाली धातू असला की कानातली घूं बदलते. ती कशी बदलते यावरून खाली काय आहे ते उस्मानभाय सांगायचे.

यामुळे त्यांना आवाज म्हणून सहन व्हायचा नाही. मेसमध्ये ताटं आपटली की कपाळाला आठ्या. ते आपलं ताट घेऊन बाहेर पायरीवर बसायचे आणि तिथून आम्हांला शिव्या घालायचे. चालायचेही तसेच, यंत्र हातात नसलं तरी. सावकाश, एकेक पाऊल, आणि उजवा हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. नवीन माणसाला वाटायचं, यांना वाताचा झटका येऊन गेलाय.

माणसांची त्यांनी यंत्रावरून प्रतवारी लावली होती. पत्र्याचा रिकामा डबा जमिनीत असला की तो सगळ्यांत जोरात वाजतो. म्हणून जो जास्त बोलतो तो डबा. रडतराऊत असेल तर गंजलेला खिळा. मी अर्थातच डबा होतो. "डब्या, भात वाढ." पहिल्या आठवड्यात मी भांडलो, मग सोडून दिलं. आमच्या वरचा इंजिनियर साहेब उन्हाने टोमॅटोसारखा लाल व्हायचा, त्याला सगळा कॅम्प लालसाहेब म्हणायचा. उस्मानभाय त्याला रॉकेलचा डबा म्हणायचे. तोंडावर नाही, पण जवळजवळ तोंडावर.

या लालसाहेबाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एका उन्हाळ्यात मोठं वादळ झालं आणि एक व्हॉल्व्ह वाळूखाली गेला. लाइन गळत होती. पायाखालची वाळू तेलाने काळी पडत चाललेली, कुठे ठिणगी पडली तर आम्ही सगळे खलास. उस्मानभाय त्या उन्हात डोक्याला ओला पंचा बांधून थाळी फिरवत राहिले आणि शेवटी त्यांनी व्हॉल्व्ह काढून दिला. कंपनीच्या छापील पत्रकात फोटो आला. व्हॉल्व्हवर पाय ठेवून लालसाहेब. फोटोच्या कडेला एक हात दिसत होता, कोपरापर्यंत, यंत्राचा दांडा धरलेला. पुढचा माणूस कापलेला. उस्मानभायनी तो फोटो आपल्या खाटेवर भिंतीला चिकटवला. कुणी आलं की बोट ठेवून दाखवायचे, "ह्यो मी." लोक हसायचे. ते हसत नसत.

त्यांना हवं काय होतं ते सगळ्या मेसला पाठ होतं. तरुणपणी मुंबईला गोदीत असताना ते एकदा म्युझियम बघायला गेले होते. तिथे काचेच्या पेटीत काही जुनी नाणी होती आणि खाली पाटी होती: अमक्या गावच्या अमक्या शेतकऱ्याला नांगरताना सापडली. राजाचं नाव त्यांना आठवत नव्हतं, शेतकऱ्याचंही नाही, पण पाटी होती हे आठवत होतं. "नांगर धरणारा माणूस," ते म्हणायचे, "पण पेटीत नाव लागलं. आता त्याला कोण कापणार?" आपण मरायच्या आधी एका काचेच्या पेटीखाली आपलं नाव लागलं पाहिजे, गावासकट. उस्मान दाऊद सोलकर, जैतापूर. बस. पैसा नको, बढती नको. माणसाने इतकं थोडं मागावं आणि तेही मिळू नये, याचा मला आजही संताप येतो.

संधी आली ती झुबारामुळे. दुखानच्या उत्तरेला, समुद्राकाठी, झुबारा नावाचं जुनं शहर होतं. मोत्यांच्या व्यापाराचं. कधीकाळी लुटलं गेलं, मग ओस पडलं, आता नुसते ढिगारे आणि वाळूतून डोकावणाऱ्या भिंती. लालसाहेबाला जुन्या वस्तूंचं वेड लागलं. कंपनीचं यंत्र, कंपनीची जीप, आणि कान उस्मानभायचे. दर शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, तो त्यांना घेऊन जायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. पण उस्मानभायना नाही म्हणायचंच नव्हतं.

एकदा जेवणाचे डबे सांभाळायला मीही गेलो. ऊन असं की जीपच्या पत्र्याला हात लावला तर चटका. लालसाहेब छत्रीखाली खुर्ची टाकून बसला. उस्मानभायनी चपला काढल्या, खिशातून सगळं लोखंड काढून माझ्याजवळ दिलं, किल्लीसुद्धा, आणि चालायला लागले. मध्येच थांबायचे, गुडघ्यावर बसायचे आणि नारळाच्या करवंटीने वाळू उकरायचे. करवंटी जैतापूरहून आणलेली. लोखंडी फावडं जवळ असलं की यंत्र फसतं, करवंटीला काही होत नाही. एका बाजूला जुनं कबरस्तान होतं. तिथे पोचल्यावर त्यांनी हेडफोन काढला, थाळी उचलून खांद्यावर घेतली, सलाम करून वळसा घातला. लालसाहेब खुर्चीतून ओरडला, तिकडे का नाही बघत? उस्मानभाय म्हणाले, तिकडे माणसं झोपलीत. साहेबाला राग आला, पण तिथल्या किल्ल्यावरचा बदू, म्हणजे वाळवंटातला अरब पहारेकरी हे सगळं बघत उभा होता, म्हणून गप्प बसला.

दुपारपर्यंत बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या निघाल्या, गलबताचे खिळे निघाले, एक पितळी कडी निघाली, आणि नाणी. तांब्याची, हिरव्या-काळ्या पुटात गुरफटलेली, एखाददुसरं चांदीचं. वाटणीचा रिवाज ठरलेला होता. मोठी वस्तू साहेबाची. नाणी अर्धी साहेबाची, अर्धी उस्मानभायची, आणि निवड उस्मानभायनी करायची, कारण साहेबाला त्यातलं काही कळत नव्हतं. उस्मानभाय काय करायचे? ज्यांच्यावर अक्षरं, नक्षी दिसतेय ती आपल्याकडे. जी नुसती हिरवी ढेकळं ती साहेबाकडे. लालसाहेब ती सिगरेटच्या डब्यात टाकून खुळखुळवायचा. परत येताना जीपमध्ये मागे बसून उस्मानभाय माझ्या कानात म्हणाले, "डब्याला डब्यातलंच द्यायचं." त्या दिवशी प्रथम मी त्यांना खूष बघितलं.

मग चिंचेचं भांडण सुरू झालं.

चिंच आमच्याकडे मुंबईहून बोटीने यायची. हमूर माशाच्या कालवणाला ती लागायचीच, आणि मी तिला कुलपात ठेवायचो. उस्मानभाय एके दिवशी येऊन म्हणाले, चिंच काढ. मी म्हटलं, कशाला? म्हणाले, तुझ्या डोंबलाला. दिली थोडी. दोन दिवसांनी परत. मग परत. कालवण पांचट होतंय म्हणून मेसमधले लोक माझ्या नावाने ओरडायला लागले, तेव्हा मी मागे गेलो बघायला. स्वैपाकघराच्या मागच्या बाजूला, रोटीच्या भट्टीजवळ, हा माणूस मांडी घालून बसलेला. समोर चिंचेचा कोळ, भट्टीतली राख, काथ्याचा चोथा. आणि एकेक नाणं अंगठ्याखाली धरून घासतोय.

आता हे शहाण्यांनी वाचलं तर हसतील. हसू देत. कोकणात ज्याच्या घरी तांब्यापितळेचं भांडं आहे त्याने हेच केलं असतं. ईदेच्या आधी उस्मानभायच्या घरच्या बायका मोठी पातेली अशाच घासायच्या, गणपतीच्या आधी माझी आई समई आणि कलश अशीच घासायची. भांडं काळं राहिलं तर घराची अब्रू गेली. मी विचारलं तेव्हा उस्मानभाय मान वर न करता म्हणाले, "शिकलेली माणसं बघायला येणार हायत कधीतरी. त्यांच्यापुढे काळं ठेवू?" मला यात काही चुकीचं वाटलं नाही. मी आणखी चिंच आणून दिली.

कित्येक संध्याकाळी त्यांनी त्यात घातल्या. बोटांची साल निघाली. घासून झालं की खोबरेल लावून पुसायचे आणि पांढऱ्या कपड्यावर ओळीने मांडायचे. आम्ही सगळे बघायला जायचो. काय चकाकायची ती! पण एकदा मी म्हटलं, उस्मानभाय, याच्यावर परवा चार अक्षरं होती, आज दोनच दिसतात. त्यांनी नाणं उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, मळ निघतोय. मळाच्या खालचं अजून वर यायचंय.

शिकलेली माणसं आली ती थंडीत. युरोपातल्या कुठल्याशा विद्यापीठातले तीन जण, झुबारा बघायला निघालेले. लालसाहेबाने त्यांना दुखानच्या गेस्टहाउसवर चहाला बोलावलं. उस्मानभायनी परवानगी मागितली आणि मिळवली, कशी ते देव जाणे. समोसे आमच्या मेसमधून गेले, ते घेऊन मी गेलो, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

उस्मानभायच्या अंगात इस्त्री केलेला सदरा, केसांना तेल. टेबलावर त्यांनी पांढरा कपडा पसरला आणि नाणी मांडली. तिघांतला जो म्हातारा होता त्याने खिशातून भिंग काढलं. एक नाणं उचललं, उलटं केलं, ठेवलं. दुसरं उचललं. तिसऱ्यानंतर त्याने बाकीच्या नाण्यांवरून नुसती नजर फिरवली आणि हळूच विचारलं, ही कशाने साफ केली?

उस्मानभायना इंग्रजी कळत होतं. छाती काढून म्हणाले, टॅमरिंड सर, अ‍ॅश सर, माय हँड. आणि हात पुढे करून दाखवले.

म्हातारा वाईट माणूस नव्हता. मला तर वाटतं, वाईट असता तर बरं झालं असतं. त्याने अगदी मऊ आवाजात समजावून सांगितलं की अशा नाण्यांवरची अक्षरं त्या हिरव्या पुटातच उरलेली असतात. पूट गेलं की अक्षरं गेली. आता ही कुठली, कधीची, कुणाची, काहीच सांगता येणार नाही. आता हे नुसतं तांबं आहे.

उस्मानभाय माझ्याकडे वळले. "काय म्हणतो तो?"

सगळं कळलं होतं त्यांना. मी म्हटलं, "म्हणतो, घासायला नको होतं."

"मग मळकी द्यायची होती?"

मी समोशांची ताटली पुढे सरकवली. आणि तेवढ्यात लालसाहेब आत जाऊन आपला सिगरेटचा डबा घेऊन आला. गंमत म्हणून आणला असावा. टेबलावर उपडा केला. तीच ती हिरवी ढेकळं, एकालाही कधी पाणी लागलेलं नाही. म्हाताऱ्याने भिंग परत काढलं. एक ढेकूळ बघितलं, दुसरं बघितलं आणि बाकीच्या दोघांना हाक मारली. तिघांची डोकी एकत्र आली. चहा तसाच राहिला. म्हातारा लालसाहेबाला म्हणाला, हे फार मोलाचं आहे, कुठे मिळालं तुम्हांला?

लालसाहेब सांगायला लागला. समुद्राच्या बाजूची भिंत, तिच्या आतला उंचवटा, वगैरे. तेव्हा उस्मानभाय मध्ये बोलले. साहेब बोलत असताना मध्ये बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ. "सेम प्लेस, सर. ऑल आय फाइंड. माय इअर." आणि स्वतःच्या कानाला बोट लावलं.

तिघांनी वर बघितलं. लालसाहेब हसला. म्हणाला, हा माझं यंत्र उचलतो.

खोटं नव्हतं ते. यंत्र उचलायचेच ना ते! म्हाताऱ्याने उठून उस्मानभायशी हात मिळवला, थँक यू म्हणाला, आणि खाली बसून लालसाहेबाला त्याच्या पूर्ण नावाचं स्पेलिंग विचारलं. उस्मानभायनी कपड्याची चार टोकं गोळा केली, आपली नाणी आत बांधली आणि शुक्रन म्हणून निघाले. मला एवढंच कळेना की हा माणूस यांचे आभार कशाबद्दल मानतोय.

नंतरही ते झुबाराला जात राहिले, हुकूम होता म्हणून. पण यंत्र काही बोलायचं नाही. शुक्रवारमागून शुक्रवार रिकामा. लालसाहेब चिडायचा, बॅटरी बदलायला लावायचा. मी एकदा सरळ विचारलं, खरंच काही वाजत नाही का? उस्मानभाय म्हणाले, "वाजतं. मी पुढे जातो." मग साहेबालाच कंटाळा आला आणि त्याने शिडाची होडी विकत घेतली.

त्याची ढेकळं बाहेरदेशी गेली. तिथे ती काचेच्या पेटीत लागली आणि त्या पेटीचा फोटो साहेबलोकांच्या क्लबात टांगला गेला. क्लबातल्या गोव्याच्या बेअररने येऊन सांगितलं की पाटीवर लालसाहेबाचं नाव आहे. उस्मानभाय पायरीवर जेवत होते. त्यांनी विचारलं, गावाचं नाव लिहिलंय काय? बेअरर म्हणाला, हो, त्याच्या विलायतेतल्या गावाचं. उस्मानभाय बरं म्हणाले आणि जेवत राहिले. मी वैतागून म्हटलं, ती तुमची नाणी फेका आता समुद्रात, कशाला उशाशी घेऊन झोपता? त्यावर ते मला डबा म्हणाले आणि ताट धुवायला उठले.

पाच-सहा वर्षांनी कंपनीने म्हाताऱ्या लोकांना घरी पाठवायला सुरुवात केली. उस्मानभायचं नाव निघालं, मलाही रजा मिळाली आणि आम्ही एकाच बोटीने मुंबईला आलो. ते दिवस सोन्याच्या चोरट्या व्यापाराचे. आखातातून आलेला प्रत्येक माणूस चोर, असं धरूनच कस्टमवाले ट्रंका उघडायचे. उस्मानभायच्या ट्रंकेत कपड्यांच्या खाली ते पांढरं गाठोडं निघालं. गाठ सुटली आणि टेबलावर लखलखाट झाला. अधिकारी ताडकन उभा राहिला.

तांबं आहे, असं उस्मानभाय म्हणाले. कोण ऐकतो? वरून तांब्याचा मुलामा, आत सोनं, असली सोंगं रोज बघत असणार तो. सोनार बोलावला. त्याने एकेक नाणं कसोटीवर घासलं आणि मान हलवली. तांबं, थोडी चांदी, बाकी काही नाही. अधिकारी जरा खजील झाला. तरुण पोरगा होता, आपल्याकडचाच, मराठी बोलत होता. गाठोडं परत देता देता त्याने एक नाणं उचलून खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं.

"काका, हे जुनं दिसतंय हो," तो म्हणाला. "कुणाला सापडलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मी मागे रांगेत उभा होतो. मनात म्हटलं, सांगा आता. नाव सांगा, गाव सांगा, इथे तरी सांगा.

"साहेबाला," उस्मानभाय म्हणाले. "एका गोऱ्या साहेबाला सापडली. त्यांना नको होती, म्हणून मी उचलली."

अधिकाऱ्याने ट्रंकेवर खडूने फुली मारली आणि मला पुढे बोलावलं. माझी ट्रंक तपासून होईपर्यंत उस्मानभाय गर्दीत दिसेनासे झाले होते. मी फाटकापर्यंत पळत गेलो, बाहेर रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितलं, पण ते कुठे वळले ते कळलं नाही.